घरातल्या माणसांच्या जपानी भयकथा : वाचणाऱ्यांनी इकडे या

पानगळ

जपानी भयकथा म्हटलं की बहुतेकांना विहिरीतून वर येणारी, केसांनी तोंड झाकलेली बाई आठवते. त्या सिनेमांवर बोलून झालंय सगळ्यांचं. मला ज्या कथांबद्दल बोलायचंय त्या वेगळ्या कपाटातल्या आहेत. तिकडे त्यांना भयकथा म्हणतही नाहीत, त्या गंभीर वाङ्मयीन मासिकांत छापून येतात आणि त्यातल्या कितीतरी कथांना अकुतागावा पुरस्कार मिळालाय. १९३५ साली सुरू झालेला, वर्षातून दोनदा देतात, तिकडे नव्या लेखकाला याहून मोठा मान नाही. आणि विषय बघाल तर काय, बहिणीचं बाळंतपण, सासूच्या शेजारी राहायला जाणं, रोज रात्री टीव्हीसमोर बसून राहणारा नवरा. इतकं साधं. पण वाचून झाल्यावर आपल्याच स्वयंपाकघरात जायला नको वाटतं.

(पुढे कथानकं उघड होणार आहेत. ज्यांना वाचायच्यात त्यांनी जपून.)

माझी सुरुवात योको ओगावापासून झाली. तिची 'प्रेग्नन्सी डायरी', १९९०चा अकुतागावा. धाकटी बहीण, मोठी बहीण आणि मेव्हणा एका घरात राहतात, आईवडील गेलेत. मोठीला दिवस जातात आणि धाकटी डायरी लिहायला लागते, तारीख आणि किती आठवडे झाले ते वर टाकून, अगदी दवाखान्यातल्या नोंदीसारखं. मोठीला इतक्या उलट्या होतात की घरात कसलाच वास सहन होत नाही, मग धाकटी राईस कुकर घेऊन अंगणात जाते आणि तिथेच एकटी जेवते. मग एक दिवस मळमळ थांबते आणि मोठी खात सुटते. धाकटी तिला ग्रेपफ्रूटचा जॅम करून देते. फळं अमेरिकेहून आलेली, आणि धाकटीने एका सभेत पत्रक वाचलेलं असतं की फळांना बुरशी धरू नये म्हणून जे औषध मारतात त्याने माणसाच्या गुणसूत्रांना अपाय होतो. ती तरीही जॅम करते. पुन्हा करते, पुन्हा करते, आणि मोठी पातेल्यातून चमच्याने खात राहते.

एवढंच. कुणी ओरडत नाही, कुणी कुणावर हात उचलत नाही. धाकटीला राग आहे का, मत्सर आहे का, तिला नक्की काय हवंय, काही कळू देत नाही ओगावा. ती फक्त साल किती बारीक चिरली, साखर किती घातली, रंग कसा आला ते सांगते. मला तर वाटतं भीती त्या साखरेतच आहे. ज्या हाताने घरात काळजी घेतली जाते त्याच हाताने हे सगळं होतं, आणि दोन्हीतला फरक बाहेरून बघणाऱ्याला दिसत नाही.

तुम्ही कोणी अशा वाचल्या असतील तर सांगा. आणि हेही सांगा की घाबरवलं नक्की कशाने, कारण मला ते शब्दांत धरता येत नाहीये आणि धरायचंय.

उंबरठा

पानगळ, किती बरं वाटलं हा धागा बघून! मी ओगावा नाही वाचली पण हिरोको ओयामादाची 'द होल' वाचलीय, डेव्हिड बॉयडचा इंग्रजी अनुवाद २०२०ला आला तेव्हा. अकुतागावाच, २०१३च्या उत्तरार्धाचा.

त्यात आसा नावाची बाई आहे, कंत्राटी नोकरी करणारी. नवऱ्याची बदली त्याच्या गावाजवळ होते, सासू म्हणते आमच्या शेजारचं घर रिकामंच आहे, भाडं नको, या राहायला. मग ही नोकरी सोडते आणि जाते. उन्हाळा, सिकाडा किड्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज, गाडी नवरा घेऊन जातो म्हणून ही दिवसभर घरात. एक दिवस सासूचा कामावरून फोन येतो की पाकीट ठेवलंय, तेवढे पैसे दुकानात जाऊन भर. ही भर उन्हात चालत निघते, वाटेत एक काळं जनावर दिसतं जे कुत्रा नाही, डुक्कर नाही, काहीच नाही, त्याच्या मागे जाता जाता नदीकाठच्या गवतात एका खड्ड्यात पडते. छातीपर्यंत खोल. आणि खड्डा तिच्या मापाचा, जणू तिच्यासाठीच खणून ठेवलेला.

पण मला घाबरवलं ते खड्ड्याने नाही. दुकानात पोचल्यावर पाकिटातले पैसे कमी निघतात आणि ती गुपचूप स्वतःच्या पर्समधले घालते, तिथे माझे हात गार पडले. कारण मी तेच केलं असतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी अशीच होते, सासूबाई चांगल्या, अगदी हसतमुख, आणि चांगल्या माणसाला कसं विचारणार की तुम्ही कमी का दिलेत. वाईट सासूशी भांडता येतं हो. चांगल्या सासूशी काय करायचं?

आणि ते आजेसासरे. दिवसभर बागेत पाइप धरून पाणी घालत असतात, सगळ्यांकडे बघून हसतात. पाऊस पडत असतानासुद्धा पाणी घालतात. घरातलं कुणी काही बोलत नाही त्यावर. पावसात पाणी घालणारा म्हातारा आणि त्याच्या बाजूने छत्री घेऊन जाणारी घरची माणसं, हे चित्र माझ्या डोक्यातून गेलेलं नाही अजून.

रात्रपाळी

मी 'द होल' वाचलंय आणि स्पष्टच सांगतो, मला ती भयकथा वाटली नाही. काहीच होत नाही. बाई खड्ड्यात पडते, शेजारीण हात देऊन बाहेर काढते, विषय संपला. मग एक अचानक उगवलेला दीर, जो मागच्या शेडमधे राहतो आणि ज्याच्याबद्दल नवऱ्याने कधी सांगितलेलंच नसतं, तोही शेवटी गायब. त्याचं काय झालं? तो होता का? ते जनावर काय होतं? लेखिका एकाचंही उत्तर देत नाही.

मी नारायण धारप वाचून मोठा झालो. तिथे संकट बाहेरून येतं, त्याचे नियम असतात, आणि त्यांच्या कथांतल्या समर्थांसारखा कोणीतरी जाणकार असतो जो ते नियम ओळखून लढतो. वाचक म्हणून मला ती लढाई हवी असते. इथे लढायचं कोणाशी?

पानगळ

रात्रपाळी, तुमचा शेवटचा प्रश्नच मला या सगळ्याचा गाभा वाटतो. लढायचं कोणाशी? सगळी आपलीच माणसं, सगळी चांगली वागतायत. धारपांच्या कथेत घर ही वाचवायची गोष्ट असते. इथे घर स्वतःच हळूहळू माणसाला आपल्या आकाराचं करून घेतं. 'द होल'चा शेवट आठवा, आजेसासरे जातात, अंत्यविधी होतात, आसा त्याच दुकानात नोकरीला लागते, युनिफॉर्म घालून आरशात बघते आणि तिला तिचा चेहरा सासूसारखा दिसतो. तिच्याशी कुणी काही वाईट केलेलं नाही. मला त्या ओळीवर जेवढी भीती वाटली तेवढी कुठल्या पिशाच्चाने वाटली नव्हती, आणि धारप मलाही प्रिय आहेत.

नागोयाकर

इथे बरीच वर्षं राहतोय म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो, कारण काही गोष्टी जपानी वाचकाला न सांगता कळतात आणि आपल्याला निसटतात.

दुकानात पैसे भरणं म्हणजे काय, तर इथल्या कन्व्हिनियन्स स्टोअरमधे वीज, गॅस, विमा, टॅक्स, सगळ्याची बिलं भरता येतात, रोजचं काम आहे ते. म्हणजे सासूने काही जगावेगळं सांगितलेलं नाही, सुनेला कोणीही सांगेल असं काम. म्हणूनच तिथून कथा घसरते तेव्हा जपानी माणूस जास्त दचकतो.

दुसरं, १८९८च्या नागरी कायद्यात 'इए' म्हणजे घराणं हे एकक होतं, घराला एक कर्ता आणि बाकी सगळे त्याच्या अखत्यारीत. १९४७ साली ते कायद्यातून काढलं. पण नवराबायकोचं आडनाव एकच असलं पाहिजे हे कायद्यात राहिलं, आणि कोणाचं घ्यायचं ते जोडप्याने ठरवायचं असलं तरी नव्वद टक्क्यांहून जास्त जोडप्यांत बाईच आपलं सोडते. 'द होल'मधे शेजारीण आसाला नावाने नाही, सूनबाई म्हणूनच ओळखते, ते उगीच नाही. कायद्यातून घराणं गेलं, गल्लीतून गेलं नाही.

आणि ओगावाच्या कथेबद्दल. इथे गरोदरपण नोंदवलं की नगरपालिका आईला एक पुस्तिका देते, 'बोशी तेच्यो', आई-बाळाची वही, १९४८ पासूनची पद्धत. त्यात वजन, रक्तदाब, आठवडे सगळं भरायचं. माझ्या बायकोचीही होती. धाकटी बहीण जी डायरी लिहिते ती मला त्या वहीची काळी जुळी बहीण वाटते. शिवाय इथेही बाळंतपणाला माहेरी जायची रीत आहे, आपल्यासारखीच. त्या कथेत मोठीला जायला माहेर नाही, आईवडील नाहीत. माहेर म्हणून जे काही उरलंय ती ही धाकटी. हे लक्षात घेऊन परत वाचा, जॅम आणखी कडू लागेल.

उंबरठा

नागोयाकर, माहेरचा मुद्दा वाचून थांबले जरा. आता ओगावा वाचणारच.

रवा_लाडू

वाचतेय सगळं, फार छान चर्चा. एक विचारायचं होतं, मला आत्ता सहावा महिना आहे आणि मला भयकथा आवडतात, तर 'प्रेग्नन्सी डायरी' घेऊ का वाचायला?

पानगळ

रवा_लाडू, अभिनंदन गं! आणि नको, अगदी मनापासून सांगते, आत्ता नको. बाळ वर्षाचं झालं की वाच. त्यात मोठी बहीण म्हणते की पोटातल्या बाळाला भेटायचीच तिला भीती वाटते, आणि ते वाक्य आत्ता तुझ्या डोक्यात जायची काही गरज नाही. तोवर हिरोमी कावाकामी घे. तिची 'अ स्नेक स्टेप्ड ऑन' म्हणून दीर्घकथा आहे, १९९६चा अकुतागावा. जपमाळांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी वाटेत सापावर पाय देते, साप बाई होऊन चालायला लागतो, आणि संध्याकाळी ही घरी येते तर ती बाई स्वयंपाक करून, बिअर काढून वाट बघत बसलेली. म्हणते मी तुझी आई. खरी आई गावाला धडधाकट आहे. पण जेवण चांगलं असतं, आणि दमून घरी आल्यावर कोणी वाढून दिलं तर कोण नाही म्हणेल. मुलगी जेवते. तिथेच सगळं येतं.

दप्तरखाना

उशिरा आलो. धागा फार मोलाचा चालला आहे, त्यात थोडी जुनी भर घालतो.

हे सगळं नवं नाही. जपानचा सर्वात जुना उपलब्ध ग्रंथ 'कोजिकी', इसवी सन ७१२. त्यात समुद्रदेवाची मुलगी तोयोतामा आपल्या नवऱ्याला सांगते की बाळंत होताना माझ्याकडे बघू नको. तो बघतो. आत त्याची बायको नाही, एक प्रचंड जलचर वळवळतंय. ती लाजेने मूल तिथेच सोडून समुद्रात निघून जाते आणि वाट कायमची बंद करते. तो वंश पुढे पहिल्या सम्राटापर्यंत जातो. म्हणजे राजघराण्याच्या मुळाशीच ही गोष्ट आहे. करकोचा-बायकोची लोककथाही तशीच, विणताना आत डोकावू नको अशी अट, नवरा डोकावतो, ती उडून जाते. जपानात राहून तिथल्या कथा इंग्रजीत लिहिणाऱ्या लाफकाडिओ हर्नने १९०४च्या 'क्वाइदान'मधे दिलेली हिमस्त्रीची कथाही तशीच, तिथे अट अशी की तिने त्याला जिवंत सोडलं त्या रात्रीबद्दल कुणाला सांगायचं नाही. तो सांगतो, आणि तेही नकळत तिलाच सांगतो. ती म्हणते की ही झोपलेली मुलं नसती तर तुला इथेच मारलं असतं. दहा मुलं टाकून ती धुकं होऊन निघून जाते.

आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. गंगा आणि शंतनू. मी काहीही केलं तरी विचारायचं नाही, या अटीवर लग्न. सात मुलं नदीत, आठव्याला त्याने विचारलं, आणि ती गेली.

हर्ननेच १८९४च्या पुस्तकात इझुमो भागातली एक कथा दिली आहे. एक गरीब शेतकरी, मूल झालं की रात्री नदीत सोडायचा, पोसण्याची ऐपत नाही म्हणून. सहा मुलं अशी गेली. सातवं ठेवलं, कारण आता बरे दिवस आले होते. बाप लेकावर जीव टाकायला लागला. एका चांदण्या रात्री पाच महिन्यांच्या त्या पोराला घेऊन बागेत फिरताना बाप म्हणाला, काय सुंदर रात्र आहे. पोर मोठ्या माणसासारखं बोललं, की तुम्ही मला मागच्या वेळी टाकलंत ती रात्रही अशीच होती. आणि पुन्हा लहान मूल झालं.

कादंबरीकार नात्सुमे सोसेकीने १९०८ साली असाही शिम्बुन या वर्तमानपत्रात दहा स्वप्नं लिहिली, त्यातलं तिसरं याच रानातलं. बाप पाठीवर सहा वर्षांचं आंधळं पोर घेऊन अंधारात चाललाय. पोरगं आंधळं, पण रस्ता तेच सांगतंय. विचारतं, बाबा, मी जड आहे का? बाप म्हणतो नाही. ते म्हणतं, होईन आता. एका देवदाराच्या मुळाशी आल्यावर ते सांगतं की तुम्ही मला बरोब्बर शंभर वर्षांपूर्वी इथे मारलंत, बुनका ५ हे जपानी साल, म्हणजे १८०८. त्या क्षणी बापाला आठवतं, आणि पाठीवरचं पोर जिझोच्या, म्हणजे मुलांच्या रक्षक देवाच्या, दगडी मूर्तीसारखं जड होतं. इंग्रजीत दोन-तीन पानं असतील नसतील. मी गेली कित्येक वर्षं ती पुन्हा पुन्हा वाचतो.

रात्रपाळी

दप्तरखाना काका, हे मला पटलं. ही भयकथा. यात नियम आहे, गुन्हा आहे, हिशेब आहे. तिसरं स्वप्न आत्ताच शोधून वाचलं आणि ड्यूटीवर एकटाच आहे, रस्ता पोरगं सांगतंय या जागी खरंच मागे वळून बघितलं.

पानगळ

काका, तुमचा प्रतिसाद वाचून मला इतके दिवस जे धरता येत नव्हतं ते हाताला लागतंय असं वाटतंय, मांडून बघते.

जुन्या कथांमधे अट असते. बघू नको, विचारू नको, सांगू नको. माणूस अट मोडतो आणि घर मोडतं. बायको जाते, मुलं उघडी पडतात. पण अट मोडणारा माणूस, म्हणजे शंतनू, म्हणजे तो करकोचाचा नवरा, त्याला निदान कळतं तरी की आपण कोणाबरोबर राहत होतो.

नव्या कथांमधे अट घालणारं कुणी नाही, तरी सगळे ती पाळतात. आसा पैशांबद्दल विचारत नाही. पावसात पाणी का घालता असं कुणी म्हाताऱ्याला विचारत नाही. नवऱ्याने भाऊ असल्याचं का सांगितलं नाही हे ती त्याच्यासमोर बसून, फोन खाली ठेवायला लावून विचारत नाही. आणि कुणी विचारत नाही म्हणून कुणी जात नाही. घर टिकतं. मला वाटतं भीती इथे आहे, घर टिकण्यात. शंतनूने आठव्यालाही विचारलं नसतं तर काय झालं असतं, त्या कथा या लिहितायत.

ओगावाच्याच 'द डायव्हिंग पूल'मधे हे जवळजवळ उघडं होतं. आयाचे आईवडील अनाथाश्रम चालवतात, आणि त्या सगळ्या पोरांत आईबाप असलेली ही एकटीच, म्हणून तीच सगळ्यात पोरकी. तिचा जीव जुनवर, आश्रमातच वाढलेला, पोहण्याच्या तलावात उंचावरून सूर मारणारा मुलगा. आणि तिथल्या एका तान्ह्या पोरीला, रीएला, ती गुपचूप छळते. खराब झालेला क्रीम पफ खायला घालते. शेवटी कळतं की जुनला हे ठाऊक होतं. त्याने पाहिलं होतं. तो आरडाओरडा करत नाही, शांतपणे सांगतो, आणि मला तो शांतपणाच सोसवला नाही. हा मुलगा पुस्तकातला सगळ्यात भला माणूस आहे, आणि त्याला माहीत असण्याच्या आणि बोलण्याच्या मधल्या दिवसांत ते बाळ त्याच घरात होतं.

उंबरठा

पानगळ, नव्वद टक्के पटलं पण एक कथा यात बसत नाही बघ. युकिको मोतोयाची 'अ‍ॅन एक्झॉटिक मॅरेज', २०१५च्या उत्तरार्धाचा अकुतागावा. तिच्या जपानी नावातच काकांच्या त्या करकोचा वगैरे लग्नांचा उल्लेख आहे. बायकोच्या लक्षात येतं की आपला आणि नवऱ्याचा चेहरा सारखा व्हायला लागलाय. नवरा घरी आला की तीन तास टीव्ही, हातात हायबॉल म्हणजे व्हिस्की-सोडा, म्हणतो मला घरी काही विचार करायचा नाही. आणि त्याचे डोळे-नाक जागचे हलायला लागतात, कोणी बघत नसलं की चेहरा सैल सोडून दिल्यासारखे. मग तो कामावर जायचं सोडून दिवसरात्र तळणं तळायला लागतो आणि तिला खाऊ घालतो, आणि ती खाते, आणि तिचंही डोकं बधिर व्हायला लागतं.

पण ही बाई शेवटी बोलते. त्याला म्हणते की तुला नवऱ्याच्या आकारात राहायची गरज नाही, तुला जे व्हायचंय ते हो. आणि तो होतो, रानातल्या पिओनीचं फूल. म्हणजे इथे तोंड उघडलं आणि घर मोडलं, जुन्या कथेसारखं. फरक एवढाच की निघून जाणारा नवरा आहे आणि मागे राहणारी बाई मोकळी झालीय. मी तो शेवट वाचून घाबरले नाही. मला मोठ्ठा श्वास घेता आला.

पानगळ

हो!! ही कशी विसरले मी. मग असं म्हणूया की मोतोयाला जुनी वाट अजून उघडी दिसते आणि ओयामादाला ती बंद झालेली दिसते. मी ओयामादाच्या बाजूची आहे पण तुझा शेवट मला आवडतो.

शाळाबाई

मी विशेष गरज असलेल्या मुलांना शिकवते, म्हणून एका पुस्तकाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नात्सुको इमामुराची अमिकोची कथा, २०१०ची. इंग्रजीत 'धिस इज अमिको, डू यू कॉपी?' या नावाने आहे. अमिको म्हणजे आमच्या वर्गातली मुलगीच. सगळ्यांचं सगळं ऐकते पण जे न बोलता सांगितलं जातं ते तिला ऐकूच येत नाही. घरात भाऊ, वडील आणि वडिलांची दुसरी बायको जी घरी मुलांना सुलेखन शिकवते. बाईंना बाळ होणार असतं, ते मेलेलं जन्माला येतं. अमिकोला वाटतं आईला बरं वाटावं म्हणून काहीतरी करावं, म्हणून ती बाळासाठी थडग्याची पाटी करते, भावाचं थडगं, आणि आईला दाखवायला बोलावते. आई जी कोसळते ती परत उभी राहत नाही. मग भाऊ बिघडतो, घर विस्कटतं, आणि अमिकोला बाल्कनीतून आवाज ऐकू यायला लागतात. ती भुताचे समजते, त्यावर गाणं म्हणते. कोणी येऊन सांगत नाही की बाल्कनीत पक्ष्याचं घरटं आहे. कितीतरी वर्षांनी तिला कळतं की ते बाळ भाऊ नव्हताच, मुलगी होती. तेही कोणी सांगितलं नव्हतं.

पानगळ, तुमच्या म्हणण्याप्रमाणे बाकीच्या कथांत सगळे न विचारण्याचा नियम पाळतात. इथे एक मूल आहे ज्याला तो नियम कळत नाही, ते विचारत राहतं, सतत विचारतं, आणि उत्तर देणारं कोणी नाही. यात अंगावर येणारं एकही दृश्य नाही आणि तरी मला हे सगळ्यात भयानक वाटलं कारण मी हे पाहिलंय. मूल हजर असताना त्याच्या डोक्यावरून बोलणारी घरं पाहिलीत. तेव्हा इमामुरा वाचा अशी विनंती.

रात्रपाळी

शाळाबाई, नक्की वाचतो. माझ्याकडून एक, एदोगावा रामपोची 'सुरवंट', १९२९. युद्धातून परतलेला लेफ्टनंट, हातपाय गेलेले, बोलता येत नाही, ऐकू येत नाही, फक्त डोळे शिल्लक. गावभर बायकोचं कौतुक, काय ती सेवा. आत खोलीत ती त्याच्याशी काय करते ते बाहेर कुणाला माहीत नाही. एके दिवशी त्याच्या डोळ्यांतली नजर असह्य होऊन ती ते डोळेही घालवते. मग त्याच्या छातीवर बोटाने लिहीत राहते, क्षमा कर. तो नाहीसा होतो, उशाशी खांबावर वेडंवाकडं लिहिलेलं सापडतं, क्षमा केली, आणि बाहेर अंधारात काहीतरी सरपटत विहिरीकडे जातं. १९३९ साली सरकारने ही कथा पुस्तकातून काढायला लावली. पहिल्या पोस्टमधलं 'काळजी घेणारा हात' वाचून हीच आठवली. तेव्हा तुमचं म्हणणं आता बरंचसं पटतंय, फक्त मला तो खांबावरचा मजकूर लागतो. काहीतरी घडलं पाहिजे.

अजून एक, सायाका मुराताच्या 'अर्थलिंग्ज'बद्दल कोणीच का बोललं नाही? तिथे तर घडतं, भरपूर घडतं.

शाळाबाई

मी मुद्दाम नाव घेतलं नव्हतं. त्यात शिक्षकाने लहान मुलीवर केलेला अत्याचार आहे आणि आईचा अविश्वास आहे. मुलगी सांगायचा प्रयत्न करते आणि आई तिलाच रागावते. तेवढा भाग मी ज्या खरेपणाने लिहिलेला पाहिला तसा फार कमी पाहिलाय, आणि नात्सुकीला आपण परग्रहावरचे आहोत असं वाटायला लागणं मला अगदी पटलं. ते वेड नाही, जगण्याची सोय आहे. पण शेवटाकडे, नागानोच्या डोंगरातल्या आजीच्या घरात तिघं जे करतात, नरमांस वगैरे, तिथे माझी सोबत सुटली. वाचणाऱ्यांनी आधी विचार करा. ज्यांच्या आयुष्यात असं काही झालंय त्यांनी तर नकोच.

नागोयाकर

शेवटाबद्दल मी असहमत. समाज म्हणजे पोरं काढायचा कारखाना असं ती लहानपणापासून म्हणत असते, मोठेपणी नवरा शोधते तोही वेबसाइटवरून, दोघांनाही घरच्यांपासून सुटका हवी म्हणून, आणि तरीही दोन्हीकडचे आईबाप मूल कधी म्हणून मागे लागतात. तो शेवट म्हणजे कारखान्याला दिलेला एकच उरलेला नकार आहे. पण सावधगिरीचा इशारा बरोबर, तो पाहिजेच.

रवा_लाडू

मी सापाची कथा वाचली! मला भीती नाही वाटली, उलट मला ती सापबाई हवीहवीशी वाटली आणि मग त्याचंच थोडं कसंतरी झालं. एक विचारू? ओगावाच्या कथेत मोठ्या बहिणीला माहीत असतं का जॅमचं? मी वाचणार नाही आत्ता, पण तेवढं सांगा.

उंबरठा

मी परवाच वाचून काढली. मला वाटतं तिला माहीत नाही. ती फक्त भुकेली आहे, तिला स्वतःचं शरीरच ताब्यात राहिलेलं नाही, बाकी काही बघायला तिच्याकडे जागाच नाही.

पानगळ

मला उलट वाटतं. तिला त्या औषधाचं नाव माहीत नसेल, पण धाकटी आपल्याकडे कशी बघते ते तिला माहीत आहे. दोघी त्या घरात एकत्र वाढल्यात, आईवडिलांनंतर दोघीच उरल्यात, मोठीचं मन आजारी असतं तेव्हा त्याच्या लहरी धाकटीनेच झेलल्यात. बहिणीच्या हाताला काय चव आहे ते बहिणीला कळतं. आणि ज्या बाळाला भेटायची तिला भीती वाटते त्याच्यासाठी ती पातेलं रिकामं करते, तेव्हा मला तरी ते नुसतं भुकेचं खाणं वाटत नाही. दोघी मिळून एक काम करतायत आणि दोघीही त्याचं नाव घेत नाहीयेत, असं मी वाचते. शेवटी धाकटी दवाखान्यात बाळ बघायला जाते आणि कथा आपल्याला बाळ दाखवत नाही, त्यामुळे औषधाने काही झालं की नाही हे कुणालाच ठरवता येणार नाही. पण जॅम कुणी केला आणि कुणी खाल्ला एवढं नक्की आहे.

उंबरठा, तू मेव्हण्याचे प्रसंग तेवढे परत वाच आणि सांग, त्याला काय दिसत होतं असं तुला वाटतं. माझं त्याच्याबद्दलचं मत अजून पक्कं नाही.